दूताचा शब्द आणि सभागृहातले मत

तळेगाव दाभाड्याहून इंद्रायणी ओलांडली की आंबी येते. गावाच्या शिवारात महाविद्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या, शेजारी औद्योगिक वसाहत आली, भातखाचरांच्या बाजूला गुलाबांची पॉलिहाउस आली. जानेवारी सरत आला की मावळातले गुलाब पेट्यांत भरून परदेशी निघतात. ते कोणत्या देशात किती जकात देऊन शिरतील, हे आंबीत ठरत नाही. कुठल्या तरी दूरच्या शहरात मेजाच्या दोन बाजूंना बसलेली माणसे ते ठरवतात. त्या माणसांनी आपल्या नावाने दिलेला शब्द आपल्याला कुठवर बांधतो? आणि असा शब्द देण्यात आयुष्य घालवलेला माणूस मायदेशी परतून कायदेमंडळात बसला, तर त्याने तिथे काय करावे? मावळच्या माणसाला हे प्रश्न परके वाटायचे कारण नाही. त्यांतला पहिला प्रश्न आंबीपासून थोड्याच अंतरावरच्या वडगावात अडीचशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज बोरघाट चढून आली. ९ जानेवारी १७७९ ला ती तळेगावला पोचली, तेव्हा गाव जाळून ओसाड केलेले होते. दाणावैरण मिळण्याची आशा नव्हती. ११ तारखेच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तळ्यात ढकलल्या, साठा पेटवून दिला आणि माघार घेतली. वडगावला ते पुरते वेढले गेले. मग तहाची बोलणी करायला फार्मर नावाचा अधिकारी मराठ्यांच्या गोटात आला. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांच्यासारख्या माणसांपुढे त्याला बोलायचे होते. वरिष्ठ सरकारच्या मान्यतेशिवाय तह करण्याचा आम्हाला अधिकार नाही, असे त्याने सांगून पाहिले. तरीही तह झाला. साष्टी आणि इतर जिंकलेला मुलूख परत करायचा, राघोबांचा पक्ष सोडायचा, बंगालहून निघालेली फौज माघारी पाठवायची असे ठरले आणि ओलीस म्हणून खुद्द फार्मर आणि लेफ्टनंट स्टुअर्ट मराठ्यांकडे राहिले.

फौज सुखरूप मुंबईला पोचली आणि मुंबईच्या कौन्सिलने तह नाकारला. कलकत्त्याच्या वॉरन हेस्टिंग्जनेही तो नाकारला. बंगालहून निघालेली गॉडर्डची फौज चालतच राहिली आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत लांबले. वडगावला आज विजयस्तंभ आहे आणि तो असायलाच हवा. महादजींच्या डावपेचांचे ते यश होते. पण त्या विजयाबरोबर एक धडाही आहे. बोलणी करणाऱ्याचे बळ त्याच्या चातुर्यात थोडे असते आणि त्याच्या पाठीमागच्या घराने त्याला किती अधिकार दिला आहे, यात पुष्कळ असते. ज्या शब्दाला वजन नाही असे फार्मर स्वतः सांगत होता, त्याच शब्दाचा तो ओलीस झाला. दूताच्या आयुष्यातली याहून अवघड जागा मला सुचत नाही.

आणि ही जागा जुनी झालेली नाही. जून २०१८ मध्ये कॅनडातल्या क्युबेक प्रांतात, शार्लव्हा इथे सात श्रीमंत लोकशाही देशांची जी-७ शिखर परिषद भरली. यजमान देशाच्या वतीने तिची तयारी पीटर बोएम यांच्याकडे होती. अशा परिषदेची बोलणी आधी महिनोन्महिने चालतात आणि नेत्यासाठी ती वाट तयार करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या वर्तुळात शेर्पा म्हणतात. साती देशांनी मान्य केलेले संयुक्त निवेदन तयार झाले. परिषदेतून निघालेल्या अमेरिकी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी विमानातूनच ट्वीट करून आपली मान्यता काढून घेतली. वडगावचा तह नाकारायला मुंबई-कलकत्त्याला काही आठवडे लागले होते. इथे काही तास पुरले. वेग तेवढा बदलला, दूताची जागा तीच राहिली.

बोएम यांची कारकीर्द आपल्याकडच्या वाचकाने समजून घ्यावी अशी आहे. दुसऱ्या महायुद्धाने उखडलेल्या ट्रान्सिल्व्हेनियातल्या जर्मनभाषक कुटुंबातले आईवडील कॅनडात आले आणि १९५४ मध्ये ओंटारिओतल्या किचनर गावी बोएम जन्मले. एडिंबरा विद्यापीठातून इतिहासात डॉक्टरेट घेऊन १९८१ मध्ये ते परराष्ट्र सेवेत गेले. लॅटिन अमेरिकेतल्या नेमणुका झाल्या, अमेरिका खंडातल्या राष्ट्रांच्या संघटनेत त्यांनी देशाचे प्रतिनिधित्व केले, २००८ ते २०१२ या काळात ते जर्मनीत राजदूत होते. निर्वासितांचा मुलगा ज्या भाषेत घरी वाढला, त्या भाषेच्या राजधानीत तो आपल्या नव्या देशाचा प्रतिनिधी म्हणून उभा राहिला. शार्लव्हानंतर ते निवृत्त झाले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये सिनेटर झाले. पुढे सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार आणि आंतरराष्ट्रीय व्यापार समितीचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

कॅनडाचे सिनेट १०५ जागांचे आहे. तिथे निवडणूक होत नाही. पंतप्रधानांच्या सल्ल्याने गव्हर्नर जनरल नेमणूक करतात आणि सदस्य वयाच्या ७५ व्या वर्षापर्यंत बसू शकतो. दीर्घकाळ ही जागा पक्षनिष्ठेचे बक्षीस समजली जाई. २०१६ पासून स्वतंत्र सल्लागार मंडळ नावे सुचवू लागले, नागरिक स्वतः अर्ज करू लागले आणि कुठल्याही पक्षाचा आदेश न पाळणाऱ्या सदस्यांचा मोठा गट तयार झाला. बोएम त्या गटातले. सदतीस वर्षे सरकार सांगेल ते सरकारच्या नावाने बोलायचे आणि नंतर एका सकाळी अशा बाकावर बसायचे की जिथे सांगणारे कुणी नाही. हा बदल हुद्द्याचा दिसतो, पण तो मुळात मनाच्या घडणीचा आहे. दूताला सवय असते ती संयमाची, दुसऱ्याची बाजू त्याच्याहून चांगली समजून घेण्याची, स्वतःचे मत खिशात ठेवण्याची. सभागृहाला पहिल्या दोन गोष्टी हव्या असतात. तिसरी मात्र दारातच सोडून यावी लागते.

ती सोडता येते का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातली दोन आयुष्ये माझ्यासमोर येतात.

पहिले महंमद करीम छागला यांचे. १९०० मध्ये मुंबईत जन्मलेले, ऑक्सफर्डला शिकलेले, जिनांच्या हाताखाली वकिली केलेले आणि जिनांचे राजकारण जमातवादाकडे वळल्यावर त्यांच्यापासून दूर झालेले छागला स्वातंत्र्यानंतर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. ज्या न्यायदालनात १९०८ मध्ये लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, त्याच न्यायालयात १९५६ मध्ये टिळकांचे उद्गार कोरलेल्या शिलेचे अनावरण छागलांनी केले. ज्या संस्थेने अन्याय केला त्या संस्थेच्या प्रमुखाने तिच्याच भिंतीवर प्रायश्चित्त लिहून ठेवावे, हे न्यायाच्या इतिहासात क्वचित घडते. दादरा-नगर हवेलीवरून पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध खटला भरला, तेव्हा भारताने नेमलेले न्यायाधीशही छागलाच होते. १९५४ मध्ये सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखे मराठी तरुण ज्या भूमीसाठी धावून गेले, तिच्या वाटेचा हक्क कुणाचा याचा निकाल १९६० मध्ये लागला. नागरी वाहतुकीपुरता पोर्तुगालचा हक्क न्यायालयाने मानला, सशस्त्र फौजा नेण्याचा मानला नाही आणि भारताने कर्तव्यभंग केला असेही म्हटले नाही.

१९५८ मध्ये छागला अमेरिकेत भारताचे राजदूत झाले आणि १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये उच्चायुक्त. चीनने आक्रमण केले तेव्हा लंडनमध्ये भारताची बाजू मांडायचे काम त्यांच्याकडे होते. १९६३ च्या नोव्हेंबरात नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री केले आणि राज्यसभेत ते महाराष्ट्राचे प्रतिनिधी झाले. शिक्षणाविषयीचा कोठारी आयोग त्यांच्याच कारकिर्दीत नेमला गेला. १९६४ मध्ये काश्मीरच्या प्रश्नावर सुरक्षा परिषदेत पाकिस्तानच्या भुट्टोंना उत्तर द्यायलाही तेच गेले.

पण या उज्ज्वल वाटेवर एक काटा आहे आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. न्यायाधीशांनी निवृत्तीनंतर सरकारी पदे घेऊ नयेत, अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या अहवालात केली होती. मोतीलाल सेटलवाड त्या आयोगाचे अध्यक्ष होते आणि छागला सदस्य. त्याच वर्षी छागलांनी राजदूतपद स्वीकारले. सेटलवाडांना ते रुचले नाही आणि त्यांनी ते लिहून ठेवले. आक्षेप रास्त होता. सरकारच्या हातून पद घेतलेला माणूस सरकारसमोर ताठ उभा राहील याची हमी काय?

छागलांनी या आक्षेपाचे उत्तर युक्तिवादाने दिले नाही, वागण्याने दिले. १९६६ च्या अखेरीस ते परराष्ट्रमंत्री झाले. मुत्सद्द्याच्या वाटेवरचे हे शिखरच. वर्षही पुरे झाले नव्हते, तोच सप्टेंबर १९६७ मध्ये त्यांनी ते पद सोडले. विद्यापीठीय शिक्षण घाईने प्रादेशिक भाषांत नेण्याचे सरकारी धोरण त्यांना मान्य नव्हते. मराठीवर प्रेम करणाऱ्या वाचकाला त्यांचे मत पटणार नाही. मलाही ते पूर्ण पटत नाही. पण ज्याला बोलण्याची कला आयुष्यभर दुसऱ्यासाठी वापरावी लागली, त्याने स्वतःच्या मतासाठी परराष्ट्रमंत्रिपद सोडले, ही गोष्ट मताच्या बरोबर-चूक असण्याहून मोठी आहे. पुढे ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणी ऐन भरात असताना, पंचाहत्तर वर्षांचे छागला अहमदाबादच्या नागरी स्वातंत्र्य परिषदेत उभे राहिले आणि बोलले. तेव्हा गप्प राहण्यासाठी कितीतरी तरुण माणसांकडे कितीतरी चांगली कारणे होती.

दुसरे आयुष्य आंबीच्या अधिक जवळचे आहे. शेजारच्या खेड तालुक्यात चाकणजवळ आंबेठाण आहे. तिथे शरद जोशींनी कोरडवाहू जमीन घेतली आणि तिला अंगारमळा हे नाव मिळाले. जोशी राजदूत नव्हते. १९३५ मध्ये साताऱ्यात जन्मलेले जोशी भारतीय टपाल सेवेत होते आणि १९६८ पासून स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी जागतिक टपाल संघटनेत काम करत होते. आंतरराष्ट्रीय संस्थांत ही संघटना अत्यंत जुनी. १८७४ मध्ये २२ देशांच्या कराराने ती जन्मली. एका देशाने लावलेले तिकीट दुसऱ्या देशाने मानायचे, हे तिचे मूळ तत्त्व. मावळातून टाकलेले पत्र माँट्रियलला पोचते ते या करारामुळे. एकमत होईपर्यंत बोलत राहायचे, कुणालाही उघडे पडू द्यायचे नाही, ही अशा संस्थेची रीत असते. सुखाची, प्रतिष्ठेची ती नोकरी सोडून १९७६-७७ च्या सुमारास जोशी परतले आणि शेतीचा हिशेब मांडू लागले.

हिशेब जुळेना. पीक चांगले आले तरी खर्च भरून निघत नव्हता. माल बाजारात नेला आणि आडत, हमाली, गाडीभाडे वजा जाता शेतकऱ्यानेच वर पैसे द्यायचे, अशी उलटी पट्टी ज्याच्या हातात पडली आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. चाकणच्या कांद्याचे आंदोलन, १९७९ ची शेतकरी संघटना, नाशिकचा कांदा-ऊस, निपाणीची तंबाखू, हा पुढचा इतिहास महाराष्ट्राला ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटते ते बर्नमधून त्यांनी बरोबर आणलेले शहाणपण. आंतरराष्ट्रीय कागद कसा वाचायचा, हे त्यांना येत होते. गॅट या जागतिक व्यापार करारासाठीच्या डंकेल प्रस्तावावर देशभर संताप उसळला असताना त्यांनी त्याला पाठिंबा दिला. भारतीय शेतकऱ्याला मिळणारी सबसिडी प्रत्यक्षात उणे आहे, म्हणजे सरकार त्याला देते त्याहून अधिक काढून घेते, हे सरकारच्याच गॅटकडे गेलेल्या आकड्यांतून त्यांनी लोकांना दाखवले. गावोगावच्या सभांत त्यांनी जे घसा कोरडा करून सांगितले, त्याची कबुली जिनिव्हाच्या कागदांत होती. ते कागद वाचणारा माणूस शेतकऱ्यांच्या बाजूला होता, म्हणून ती सापडली.

२००४ ते २०१० जोशी महाराष्ट्रातून राज्यसभेत होते. आपल्या पक्षाचे ते तिथे एकटेच. ९ मार्च २०१० ला महिला आरक्षणाचे घटनादुरुस्ती विधेयक मताला आले. बाजूने १८६ मते पडली आणि विरोधात एक. ते एक मत शरद जोशींचे होते. १९८६ मध्ये चांदवडला ग्रामीण स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवणारा, घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करा म्हणून शेतकऱ्यांना भिडणारा हा माणूस स्त्रियांच्या विरोधात होता असे कुणीही म्हणू शकत नाही. त्यांचा आक्षेप राखीव मतदारसंघ आळीपाळीने फिरण्याला होता. एका निवडणुकीत राखीव झालेला मतदारसंघ पुढच्या वेळी खुला होणार असेल, तर निवडून आलेली स्त्री तिथे मूळ कसे धरणार, हा त्यांचा प्रश्न होता. २०२३ मध्ये झालेल्या कायद्यात ही फेरी दर निवडणुकीनंतर ठेवलेली नाही, मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर ठेवली आहे. म्हणजे प्रश्न विचारण्याजोगा होता. तो २०१० मध्ये मताच्या रूपाने नोंदवणारा मात्र सभागृहात एकच निघाला. ज्याने जगाच्या एकमताच्या दफ्तरात नोकरी केली, त्याने आपल्या देशाच्या सभागृहात एकाकी मत दिले.

त्या दिवशी सभागृहात आणखी कुणाच्या मनात ही शंका नव्हती, असे मानणे कठीण आहे. पण १९८५ पासून आपल्या घटनेत दहावी अनुसूची आहे. पक्षाचा व्हिप मोडला की सदस्यत्व जाते. जोशींना व्हिप देणारे वर कुणी नव्हते, म्हणून त्यांचे मत त्यांचे राहिले. छागलांच्या वेळी ही अनुसूची नव्हती. आज एखादा अनुभवी राजदूत पक्षाच्या तिकिटावर राज्यसभेत आला, तर तीन दशकांच्या वाटाघाटींतून मिळालेले त्याचे ज्ञान मतदानाच्या क्षणी उपयोगी पडत नाही. परदेशात तो सरकारचा आवाज होता, सभागृहात पक्षाचा होतो. स्वतःचा आवाज त्याला मिळतच नाही.

राष्ट्रपतींनी नेमलेल्या १२ सदस्यांना थोडी मोकळीक आहे. त्यांनी पहिल्या सहा महिन्यांत पक्ष निवडला नाही तर व्हिप त्यांना लागू होत नाही. घटनेच्या ८० व्या कलमात या जागांसाठी साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा ही क्षेत्रे सांगितली आहेत. परराष्ट्र सेवेचा वेगळा उल्लेख नाही, तरी सरदार पणिक्करांसारखा इतिहासकार राजदूत तिथे बसला होता आणि जुलै २०२५ मध्ये माजी परराष्ट्र सचिव हर्षवर्धन शृंगला नेमले गेले.

इथे वडगाव पुन्हा विचारात घ्यावे लागते. आपल्या देशात आंतरराष्ट्रीय करार करणे हे सरकारचे काम आहे. त्याला संसदेची आधी संमती लागत नाही. करार अंमलात आणायला कायदा बदलावा लागला, तरच तो सभागृहापुढे येतो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारावर १९९४ मध्ये माराकेशला सही झाली आणि पेटंटच्या कायद्यावरची संसदेतली भांडणे नंतर कितीतरी वर्षे चालली. ज्या शब्दाची छाननी आधी होत नाही, त्याच्यावरचा राग नंतर निघतो. १७७९ मध्ये दूताला अधिकार नव्हता म्हणून शब्द मोडला. आज दूताला अधिकार पुरेपूर आहे, पण ज्या शेतकऱ्याच्या मालाचे भवितव्य त्या शब्दाने ठरते त्याच्या प्रतिनिधींनी तो तपासलेला नसतो. दोन्ही ठिकाणी शब्द आणि घर यांच्यात अंतर आहे. ते मिटवायचे तर करार वाचता येणारी माणसे सभागृहात हवीत, आणि वाचल्यावर जे दिसले ते बोलायची व त्याप्रमाणे मत द्यायची मुभा त्यांना हवी.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की कॅनडाचे सिनेटर लोकांनी निवडलेले नसतात. त्यांच्या स्वातंत्र्याला उत्तरदायित्वाची जोड नाही. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी त्यांच्या सिनेटची नक्कल सुचवत नाही. आपली राज्यसभा बहुतांशी आमदारांनी निवडलेली आहे, तशीच ती राहावी. दुसरा आक्षेप पक्षांतराच्या बाजाराचा. महाराष्ट्राने तो बाजार इतक्या जवळून पाहिला आहे की त्याची भीती कुणी कमी लेखू नये. पक्ष बदलणाऱ्याचे सदस्यत्व जरूर जावे. पण पक्षात राहून एखाद्या विधेयकावर वेगळे मत देणे हा वेगळा प्रकार आहे. व्हिपचे मुख्य समर्थन सरकार स्थिर राहावे हे आहे. राज्यसभेत सरकारवर अविश्वासाचा ठरावच आणता येत नाही. मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असते. धन विधेयकही राज्यसभा अडवू शकत नाही, चौदा दिवसांत फार तर शिफारशी करू शकते. ज्या सभागृहात सरकार पडूच शकत नाही, तिथे व्हिपचा धाक कशासाठी?

दहाव्या अनुसूचीतून राज्यसभेतले विधेयकांवरचे मतदान वगळावे आणि महत्त्वाचे आंतरराष्ट्रीय करार अंमलात येण्याआधी त्या सभागृहाच्या चर्चेला ठेवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आंबीच्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलामुलींपैकी कुणी उद्या परराष्ट्र सेवेत जाईल, कुणी व्यापाराच्या वाटाघाटीला बसेल. त्यांना माझे सांगणे एवढेच: देशाचा शब्द बाहेर निष्ठेने मांडा आणि परत आलात की तो शब्द कुठे चुकला हे घरच्या सभागृहात निर्भयपणे सांगा. त्यांना ते सांगता येईल असे सभागृह देणे हे आपले, मतदारांचे काम आहे. येत्या निवडणुकीत मत मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो आमदारकीचा असो की खासदारकीचा, त्याची या प्रश्नावरची भूमिका विचारा.